वरळीच्या खडकातले बेडूक आणि त्यांचे अवाढव्य भाऊबंद

कातळवेडा | सोमवार, रात्री १०:१२

पलीकडे डायनोसॉरच्या धाग्यावर अवांतर फार व्हायला लागलं आणि धागाकर्ते वैतागले, म्हणून इथे वेगळी चूल मांडतोय. तिथे कुणीतरी विचारलं होतं की मुंबईच्या जमिनीत कधी काही सापडलंय का, की नुसता काळा दगड आणि खाडीचा गाळ. सापडलंय. बेडूक सापडलेत, आणि तेही पावणेदोनशे वर्षांपूर्वी.

१८४७ साली रिचर्ड ओवेनने लंडनमध्ये मुंबईहून आलेल्या एका चिमुकल्या बेडकाचं वर्णन छापलं. 'डायनोसॉर' हा शब्द ज्याने पाचच वर्षं आधी रूढ केला, तोच हा ओवेन. दगड वरळीचा. बेडकाचं नाव त्याने ठेवलं राना पुसिला. पुढे १८६९ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या फर्डिनांड स्टोलिच्काने तीच हाडं बारकाईने तपासली आणि ओवेनची कुळी चुकली म्हणून बेडकाला दुसऱ्या घरात नेऊन बसवलं. त्याच्या लेखाच्या शीर्षकातच मुंबई बेटावरचे 'फ्रॉग बेड्स' असा उल्लेख आहे, म्हणजे तोवर त्या थराची ओळखच बेडकांवरून झाली होती. मग १९३० साली न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियममधल्या जी. के. नोबलने सगळं प्रकरण पुन्हा उघडलं आणि या बेडकांसाठी नवीच प्रजाती केली: इंडोबॅट्राकस. तेच नाव आजही चालतं.

आता हे बेडूक दगडात गेले कसे? आपला सह्याद्री ज्या लाव्ह्याच्या थरांनी बनलाय ते थर एका दमात आलेले नाहीत. एक प्रवाह यायचा, थंड व्हायचा, मग कधीकधी हजारो वर्षं शांतता. त्या काळात खोलगट जागी पाणी साचायचं, तळी व्हायची, झाडं उगवायची, माती जमायची. मग पुन्हा लाव्हा. दोन प्रवाहांच्या मध्ये अडकलेल्या या गाळाच्या थराला इंटरट्रॅपियन म्हणतात. नागपूरपासून मुंबईपर्यंत असे थर जागोजागी आहेत. मुंबईत वरळी आणि मलबार हिल ही जुनी ठिकाणं. हेन्री कार्टर नावाच्या इथल्याच एका डॉक्टरने १८५२ साली मुंबई बेटाच्या भूरचनेवर मोठा निबंध लिहिला, त्यात या थरांबद्दल भरपूर आहे. बेडकांबरोबर कासवं, वनस्पतींचे अवशेष आणि डाळीच्या दाण्याहून लहान शिंपलेवजा कवचाचे ऑस्ट्राकॉड नावाचे जीवही त्यात मिळाले. सगळे गोड्या पाण्यातले. म्हणजे आज जिथून सी लिंक दिसतो तिथे तेव्हा समुद्र नव्हता, तळं होतं.

बेडकाचा जीवाश्म मिळणं हीच मुळात नशिबाची गोष्ट. हाडं काडीसारखी, आतून पोकळ. मेलेला बेडूक दोन दिवसांत फुगून फुटतो, हाडं विखुरतात, उरलेलं मासे खातात. तो अखंड राहायचा तर पाणी संथ हवं, तळाशी प्राणवायू जवळजवळ नको आणि गाळ पिठासारखा बारीक हवा. वरळीचा काळा शेल (गाळाचा पापुद्र्यांचा दगड) नेमका तसा. तो थरांवर उकलला की कधीकधी चपटा झालेला सांगाडा दिसतो: कमरेची दोन लांब हाडं, त्यांच्या मधोमध शेपटीच्या मणक्यांची जुळून झालेली एक काठी, आणि मागच्या पायात दोन हाडांची मिळून झालेली एकच जाड नळी. एवढं दिसलं की बाकी काही नसलं तरी बेडूक.

माझा मुद्दा एवढाच की आपण लहान मुलांना डायनोसॉर दाखवायला पार गुजरातेत बालासिनोरला नेतो आणि आपल्या पायाखालच्या प्राण्याचं नावही आपल्याला माहीत नसतं. बेडकांच्या आधी जे अवाढव्य उभयचर होऊन गेले त्यांच्यावरही लिहायचंय, पण आधी बघतो कुणी वाचतंय का.

पन्हं | सोमवार, रात्री १०:४०

वाखुसा (वाचनखूण साठवली). लग्न होईपर्यंत वरळीत राहिले, दूरदर्शनच्या मनोऱ्याखालून रोज शाळेत गेले. शाळेत भूगोलाच्या बाईंनी 'मुंबईचा खडक बेसॉल्ट' एवढं एक वाक्य लिहून दिलं होतं आणि ते पाच मार्कांना यायचं. पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत).

लोकलमधला | सोमवार, रात्री ११:०५

मस्त. दोन शंका. एक, लाव्हा अंगावर आल्यावर बेडूक उकडून निघायला हवेत, हाडं कशी राहिली? दोन, हे डायनोसॉर मेले त्याच वेळचं ना? अंधेरीच्या गिल्बर्ट हिलबद्दल सगळीकडे साडेसहा कोटी वर्षं असंच वाचलंय.

भूस्तर | मंगळवार, सकाळी ७:५०

@लोकलमधला, पहिल्या शंकेचं उत्तर: बेडूक लाव्ह्याने मेलेले नाहीत. ते आपापल्या मरणाने मेले, गाळात गेले, वर आणखी गाळ बसला. लाव्हा नंतर आला. तो आला तेव्हा सगळ्यात वरचा भाग भाजला असेल, खालचा गाळ तसाच झाकला गेला. उलट त्या झाकणामुळेच तो टिकला, नाहीतर एवढा मऊ दगड मुंबईच्या पावसाने कधीच धुऊन नेला असता.

दुसरी शंका जास्त चांगली आहे. दख्खनच्या लाव्ह्याचा मोठा भाग साडेसहा कोटी वर्षांच्या आगेमागे आला, हे खरं. पण मुंबईचे खडक त्या मानाने धाकटे. २००१ साली आर्गॉन पद्धतीने केलेल्या कालमापनात मनोरी आणि साकीनाक्याच्या ट्रॅकाइट खडकांचं वय ६ कोटी ते ६.२ कोटींच्या दरम्यान आलं. गिल्बर्ट हिलच्या बेसॉल्टचंही ६ कोटींच्या जवळपास. म्हणजे गिल्बर्ट हिलचे ते खांब उभे राहिले तोवर डायनोसॉर जाऊन पन्नासेक लाख वर्षं झाली होती. बेडकांचा थर नेमका कुठे बसवायचा यावर मात्र वाद आहे. जुने लोक त्याला इओसीन म्हणायचे, नंतर काहींनी क्रिटेशियसच्या, म्हणजे डायनोसॉरांच्या शेवटच्या काळाच्या, अखेरीस नेलं, काहींनी त्याच्या लगेच नंतरच्या पॅलिओसीनमध्ये ठेवलं (इओसीन त्याच्याही नंतरचा). मला स्वतःला पॅलिओसीन पटतं, कारण वरखालचे खडकच धाकटे आहेत.

जुनाट | मंगळवार, सकाळी ९:१५

लेख ठीक. पण बेडकांचं एवढं कौतुक कशाला ते कळलं नाही. उभयचर म्हणजे पाण्यातून जमिनीवर येतानाचं मधलं स्टेशन. मासे झाले, मग हे, मग सरपटणारे आले आणि यांचं काम संपलं. आम्हाला तरी असंच शिकवलंय.

कातळवेडा | मंगळवार, दुपारी १:३०

जुनाटकाका, नेमकं हेच खोडायला दुसरा भाग लिहायचा होता, बरं झालं तुम्हीच विषय काढलात.

टेम्नोस्पॉन्डिल नावाचा जुन्या उभयचरांचा एक मोठा गट होता. साधारण ३३ कोटी वर्षांपूर्वी ते दिसायला लागतात आणि त्यांचा शेवटचा माहीत असलेला प्रतिनिधी १२ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. वजाबाकी करा. २१ कोटी वर्षं. डायनोसॉर (पक्षी सोडून) जेमतेम १७ कोटी टिकले. सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी, पर्मियन काळाच्या शेवटी पृथ्वीवरचं बहुतेक सगळं जीवन संपलं, त्यातून हे पार झाले आणि पुढच्या ट्रायासिक काळात पुन्हा फोफावले. सरपटणारे प्राणी आल्यावर यांनी गाशा गुंडाळला हे खरं नाही. दोघंही कोट्यवधी वर्षं एकाच नदीकाठी राहत होती, आणि बरेचदा पाण्यातला दादा हाच असायचा.

नमुने बघा. जर्मनीतला मॅस्टोडॉनसॉरस: नुसती कवटी सव्वा मीटरची. खालच्या जबड्यात पुढे दोन सुळे इतके लांब की तोंड मिटलं की ते वरच्या कवटीतल्या दोन भोकांतून बाहेर डोकवायचे. ब्राझीलचा प्रायोनोसुकस, पर्मियन काळातला, सुसरीसारखा लांब निमुळता जबडा. त्याच्या मोठ्या तुकड्यांवरून कुणी ९ मीटर लांबी काढली होती. तो आकडा मी जपून घेईन, कारण तुकड्यावरून अख्खा प्राणी काढला की तो नेहमी वाढतोच. ग्रीनलंडचा गेरोथोरॅक्स अगदी चपटा, अंगावर हाडांचं चिलखत. २००८ साली त्याच्या मानेचा सांधा अभ्यासला तेव्हा कळलं की हा खालचा जबडा पाडत नसे. तळाशी पोट टेकून पडायचा आणि पत्र्याच्या ट्रंकेचं झाकण उघडावं तसं वरचं डोकं उचलायचा. मासा आत, झाकण बंद.

मधलं स्टेशन म्हणायचंच तर निदान ते दादर आहे असं म्हणा.

लोकलमधला | मंगळवार, दुपारी १:४४

दादर! आणि काका विलेपार्ल्याला उतरले. (कृहघ्या, म्हणजे कृपया हलकेच घ्या)

जुनाट | मंगळवार, दुपारी २:१०

बरं बरं. पण मग हे राजे गेले कुठे?

कातळवेडा | मंगळवार, दुपारी २:५५

मोठे गेले. पण बऱ्याच अभ्यासकांच्या मते टेम्नोस्पॉन्डिलांच्याच एका छोट्या चणीच्या शाखेतून आजचे बेडूक आले. मादागास्करमध्ये ट्रायडोबॅट्राकस नावाचा साधारण २५ कोटी वर्षांपूर्वीचा प्राणी सापडलाय, १९३६ साली त्याचं वर्णन झालं. डोकं बेडकाचं, पण कमरेच्या आधी १४ मणके (आजच्या बेडकात जास्तीत जास्त नऊ) आणि मागे आखूड शेपूट शिल्लक. उडी मारण्याआधीचा बेडूक म्हणा. गोंडवन या दक्षिणेकडच्या जुन्या एकत्र खंडाच्या रचनेत तेव्हा मादागास्कर आपल्या अगदी शेजारी होतं, हे ध्यानात ठेवा.

नागपुरी तडका | मंगळवार, सायंकाळी ६:२०

तुम्ही मुंबईवाले १८४७ घेऊन बसलात, ठीक आहे. आता आमचं ऐका.

स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर, नागपूरचे दोन मिशनरी. सुट्टी मिळाली की हातोडी घेऊन रानोमाळ. नागपूरच्या दक्षिणेला मांगली म्हणून जागा आहे, तिथल्या तांबड्या वालुकाश्मात एक चपटी, रुंद कवटी मिळाली. ती विलायतेला गेली आणि १८५५ साली तुमच्याच ओवेनने तिचं नाव ठेवलं ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स. ट्रायासिकचा टेम्नोस्पॉन्डिल, साधारण २५ कोटी वर्षांचा. म्हणजे तुमचा बेडूक आमच्या ब्रॅकिऑप्सपुढे कालचं पोरगं. आणि हो, दोन्ही महाराष्ट्रातलेच.

हिस्लॉप १८६३ साली नाल्याच्या पुरात बुडून गेले. आज त्यांच्या नावाचं कॉलेज सगळ्या नागपूरला माहीत आहे, मांगलीची कवटी किती जणांना माहीत असेल देव जाणे. मी स्वतः त्याच कॉलेजात शिकलो आणि हे मला पार पस्तिशीत कळलं.

कातळवेडा | मंगळवार, सायंकाळी ६:५०

@नागपुरी तडका, दंडवत. हे मी पुढच्या भागासाठी राखून ठेवलं होतं, पण तुमच्या तोंडून ऐकायला जास्त मजा आली.

भूस्तर | मंगळवार, रात्री ९:३५

यात थोडी भर. भारतात या मंडळींचे बरेच अड्डे आहेत. राणीगंजच्या पंचेत थरातून गोनिओग्लिप्टस, ज्याचं वर्णन १८६५ साली थॉमस हक्सलीने केलं. सातपुड्यात बिजोरीचा गोंडवानोसॉरस, पर्मियनचा, १८८५ साली लिडेकरने नाव दिलेला. त्याच सातपुड्यात देनवा थरातला चेर्निनिया, मोठ्या अंगाचा. काश्मीरमध्ये खुनमूजवळ १९०५ साली वुडवर्डने वर्णन केलेला एक.

पण सगळ्यात श्रीमंत जागा प्राणहिता-गोदावरीचं खोरं. गडचिरोलीला लागून पलीकडे तेलंगणात मलेरी म्हणून थर आहे, लाल चिकणमातीचा. १९५७च्या सुमारास महालनोबिसांनी कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत ब्रिटिश जीवाश्मतज्ज्ञ पामेला रॉबिन्सनना बोलावलं आणि तिथे भूशास्त्राचा विभाग उभा राहिला. आकडेमोडीच्या संस्थेत हाडं का, असं विचारणाऱ्यांना महालनोबिसांनी काय उत्तर दिलं असेल कोण जाणे, पण आज मलेरीचं जे काही ज्ञान आहे त्यातलं बरंचसं त्याच विभागाचं आहे. मलेरीच्या खालच्या भागात मेटोपोसॉर जातीचे टेम्नोस्पॉन्डिल मिळतात, डोळे पार पुढे नाकाजवळ. हल्ली त्याला पँथासॉरस म्हणतात. वरच्या भागात ते नाहीसे होतात आणि चिगुटिसॉर हे टेम्नोस्पॉन्डिलांचंच दुसरं घराणं येतं. त्यातला कॉम्प्सोसेरॉप्स डोक्याच्या मागे दोन शिंगांसारखे उंचवटे असलेला. एकाच नदीच्या गाळात खालून वर जाताना भाडेकरू बदललेले दिसतात. याच चिगुटिसॉरांचे नातलग अर्जेंटिना आणि ऑस्ट्रेलियात मिळतात.

चिऊची आई | बुधवार, सकाळी ८:०५

मुलीला झोपताना हा धागा वाचून दाखवला (ट्रंकेचं झाकण तीन वेळा). तिचे प्रश्न जसेच्या तसे देते. १. नुसत्या डोक्यावरून तो मगर नव्हता हे कसं कळलं? २. त्याची पिल्लं बेडकाच्या पिल्लांसारखी होती का? पिल्लांना हाडं नसतात ना मग?

भूस्तर | बुधवार, दुपारी १२:४०

चिऊला सांगा, दोन्ही प्रश्न परीक्षेत विचारण्याच्या लायकीचे आहेत.

पहिला. कवटी पालथी करा. टाळूत दोन मोठ्या खिडक्या दिसतील, बेडकाच्या टाळूतही तशाच असतात. बेडूक गिळताना डोळे आत दाबतो ते त्या खिडक्यांमुळेच जमतं. मगरीला मात्र टाळू घट्ट बंद लागते. मग कवटी मागून बघा, मणक्याला टेकायला दोन गाठी आहेत. मगरीला एकच. मग वरून बघा. हाडावर खड्डे आणि चर असतात, मगरीलाही असतात, त्यावरून फसगत होते. पण टेम्नोस्पॉन्डिलांत त्या खड्ड्यांच्या मधून डोळ्याभोवती आणि नाकाशेजारी वळत जाणाऱ्या नळ्यांसारख्या खाचा दिसतात. माशाच्या अंगावर पाण्याची हालचाल ओळखणारी जी रेषा असते तिची ही जागा. अशी खाच असली की हा प्राणी पाण्यात वावरत होता हे पक्कं. शेवटी दात. दात आडवा कापून भिंगाखाली ठेवला तर दंतद्रव्य आत घड्याघड्यांनी वळलेलं दिसतं. चक्रव्यूहच. ओवेनने त्यावरूनच यांना लॅबिरिन्थोडॉन्ट म्हटलं. जुन्या पुस्तकांत हेच नाव भेटेल.

दुसरा प्रश्न जास्त गोड आहे. पिल्लांची हाडं फार नाजूक, पण जर्मनीच्या पर्मियन तळ्यांमध्ये अपॅटिऑन नावाच्या छोट्या टेम्नोस्पॉन्डिलाचे नमुने शेकड्यांनी सापडलेत, सगळ्या वयांचे. त्यात मानेपाशी बाहेर आलेल्या कल्ल्यांच्या झिरमिळ्या दगडावर छापल्यासारख्या दिसतात. म्हणजे पिल्लं पाण्यात, कल्ल्यांनी श्वास घेणारी. पण बेडकाच्या पिल्लासारखं गोल पोट आणि शेपूट नव्हे, सरळ चार पायांचं छोटं शरीर. आणखी एक गंमत: याच काळातल्या एका छोट्या टेम्नोस्पॉन्डिलाच्या पायांवर अभ्यासकांना तुटून पुन्हा उगवल्याच्या खुणा मिळाल्या, आज सॅलॅमँडर हा शेपटीवाला उभयचर करतो तसं.

चिऊची आई | बुधवार, रात्री ९:००

निरोप पोचला. आता तिला आमच्या पालीवर प्रयोग करायचाय.

अनामिका दादर | बुधवार, रात्री १०:२०

सॅलॅमँडरवरून आठवलं. १७२६ साली योहान शॉयख्झर नावाच्या स्विस विद्वानाने दगडातला एक सांगाडा दाखवून सांगितलं की हा नोहाच्या महापुरात बुडालेला पापी माणूस. डोकं, कणा, सगळं आहे म्हणे. पुढे कित्येक वर्षं तो महापुराचा साक्षीदार म्हणून मिरवला. १८११ साली फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ कुव्हिए हॉलंडमधल्या हारलेमच्या टायलर संग्रहालयात गेला, दगड अजून थोडा खरवडला आणि आतून पुढचे दोन पाय बाहेर काढले. एक भलामोठा सॅलॅमँडर. नमुना अजूनही तिथेच आहे.

आपल्याकडे असं काही झालं असतं तर देऊळ बांधून झालं असतं, कुव्हिएला गाभाऱ्यात कोण जाऊ देतंय.

पन्हं | गुरुवार, सकाळी ७:३०

:))

लोकलमधला | गुरुवार, दुपारी ३:१०

कातळवेडा, केरळात तो जांभळा, फुगलेला बेडूक सापडला होता ना, नाकपुड्या डुकरासारख्या. तो आपल्या वरळीकराचा वंशज असं एका व्हिडिओत ऐकलं. आणि कासव आंबोलीला सापडलं असंही. आंबोली म्हणजे सावंतवाडीजवळची? तिथे बेडूक खूप आहेत हे माहीत आहे.

कातळवेडा | गुरुवार, रात्री ८:४५

व्हिडिओवाल्याने दोन वेगवेगळ्या गोष्टींची गाठ मारलीय.

जांभळा बेडूक म्हणजे नासिकाबॅट्राकस. २००३ साली बिजू आणि बॉस्युइट यांनी तो जगासमोर आणला. वर्षातला बहुतेक काळ जमिनीखाली, पावसाळ्याच्या तोंडाला प्रजननापुरता थोडे दिवस वर. त्याचे सगळ्यात जवळचे जिवंत नातलग सेशेल्स बेटांवर आहेत. म्हणजे भारत आणि सेशेल्स एकत्र होते तेव्हापासूनचं हे घराणं. वरळीच्या बेडकाला मात्र नोबलने ऑस्ट्रेलियातल्या बेडकांच्या कुळाशी जोडलं होतं, पुढच्या लोकांनी त्यावर शंका घेतल्या. काही जणांना तो सेशेल्सच्या बाजूचा वाटतो. चपट्या, दबलेल्या सांगाड्यावरून कुळी ठरवणं म्हणजे वाद ओढवून घेणंच, म्हणून सरळ 'वंशज' म्हणणं मला तरी धाडसाचं वाटतं. एवढं मात्र खरं की कुणाचीही बाजू घेतली तरी नातं दक्षिणेकडच्या खंडांशीच निघतं. आशियातल्या आजच्या बेडकांशी त्याचं सूत जुळत नाही.

आणि आंबोली म्हणजे आपली जोगेश्वरी-अंधेरीची आंबोली! तिथल्या दगडखाणीतून आलेल्या कासवाचं वर्णन २००३ साली झालं, सांकुकेमिस सेठनाई. सेठना हे मुंबईचे भूशास्त्रज्ञ, त्यांच्या सन्मानार्थ नाव. सावंतवाडीच्या आंबोलीचे बेडूक अजून उड्या मारतायत, त्यांना एवढ्यात दगड करू नका.

सिडनीहून | शुक्रवार, सकाळी ५:५५

इथे ऑस्ट्रेलियात या विषयावर लोक वेडे आहेत म्हणून लिहितो. १९९०च्या दशकात सिडनीच्या उत्तरेला एका निवृत्त कोंबडीपालकाने बागेच्या भिंतीसाठी दगड आणले. त्यातल्या एका दगडावर अख्खा टेम्नोस्पॉन्डिल, अंगाच्या कातडीच्या कडेसकट. २०२३ साली त्याला नाव मिळालं, अरेनाएर्पेटॉन. सुमारे २४ कोटी वर्षांचा.

आणि वर ज्या 'शेवटच्या प्रतिनिधी'चा उल्लेख झाला तो कूलासुकस, व्हिक्टोरिया राज्यातला, १२ कोटी वर्षांपूर्वीचा. भूस्तर यांनी सांगितलेल्या कॉम्प्सोसेरॉप्सच्याच घराण्यातला. तो भाग तेव्हा दक्षिण ध्रुवाच्या जवळ होता, नद्या गार. मगरींना एवढी थंडी झेपत नाही, म्हणून हे गडी तिथे टिकून राहिले असावेत असा कयास आहे. हवा उबदार झाली, मगरी आल्या, आणि कूलासुकस दिसेनासा झाला. २०२२ साली व्हिक्टोरियाने त्याला राज्याचं जीवाश्म चिन्ह केलं.

जुनाट | शुक्रवार, सकाळी ९:४०

म्हणजे मलेरीचं घराणं ऑस्ट्रेलियात जाऊन नऊ-दहा कोटी वर्षं जास्त जगलं. आमच्या चाळीतल्या बऱ्याच जणांचं असंच झालं. आता माझी हरकत मागे. महाराष्ट्राचं राज्य चिन्ह म्हणून ब्रॅकिऑप्सला माझं मत.

नागपुरी तडका | शुक्रवार, सकाळी ९:५२

काका, पार्टी नागपूरला.

पन्हं | शुक्रवार, दुपारी ४:३०

मला यातली एक गोष्ट सगळ्यात आवडते, कुणी लिहिली नाही म्हणून लिहिते. दक्षिण आफ्रिकेच्या करू भागात २५ कोटी वर्षांपूर्वीचं एक बीळ, गाळाने भरून दगड झालेलं. दगड न फोडता फ्रान्समधल्या ग्रनोबलला नेऊन क्ष-किरणांनी आतून बघितलं, २०१३ साली छापून आलं. आत दोन प्राणी शेजारी शेजारी. एक थ्रिनॅक्सोडॉन, सस्तन प्राण्यांच्या वाटेवरचा, बहुधा उन्हाळी झोपेत. दुसरा ब्रूमिस्टेगा नावाचा छोटा टेम्नोस्पॉन्डिल, ज्याच्या बऱ्याच बरगड्या आधी मोडून पुन्हा सांधायला लागल्या होत्या. बीळ त्याचं नव्हतं. जखमी होऊन आत आला, घरमालकाने हाकललं नाही किंवा त्याला जागच आली नाही, आणि पुराने दोघांनाही गाठलं. मुंबईत ही कथा कुणालाही समजावून सांगावी लागणार नाही.

पायलिंगवाला | शनिवार, रात्री ११:४०

इतके दिवस नुसता वाचत होतो, आता लिहितोच. मी सिव्हिलमध्ये आहे, मातीपरीक्षण आणि पाया ह्यात. शहरात बोअर मारताना बेसॉल्टच्या खाली कधीकधी काळा, पातळ पापुद्र्यांचा थर लागतो. हातात घेतला की ओला असताना साबणासारखा गुळगुळीत, दोन दिवस उन्हात ठेवला की आपोआप तडकतो आणि पानं सुटतात. आम्ही बोअर लॉगमध्ये 'शेल, कमकुवत' असं लिहितो आणि पाइल आणखी खाली नेतो. डिझायनरला तो थर म्हणजे डोकेदुखी. त्यात काही असेल असं आजवर मनातही आलं नव्हतं. कोअर बॉक्स (बोअरमधून निघालेल्या दगडाच्या नळकांड्यांचे खोके) गोदामात असतात, प्रकल्प संपला की भंगारात. यात बघण्यासारखं खरंच काही असतं का? असेल तर बघायचं कसं?

भूस्तर | रविवार, सकाळी ८:२०

@पायलिंगवाला, तुम्हाला इतके दिवस कुठे शोधायचं? जर्मनीत कुप्फरत्सेलला १९७७ साली महामार्गाचं काम चालू असताना मॅस्टोडॉनसॉरसची हाडं ढिगाने निघाली होती, म्हणजे तुमच्या क्षेत्राचं या विषयावर आधीच ऋण आहे.

कोअर पाच-सात सेंटिमीटर जाडीचा, त्यात अख्खा बेडूक नेमका यावा ही अपेक्षा ठेवू नका. पण ऑस्ट्राकॉड, पानाचे ठसे, कीटकाच्या पंखाचा तुकडा, बारीक हाडं येऊ शकतात. तो तडकतो तेव्हाच बघा. पापुद्रे पातळ सुरीने थराच्या दिशेने सोडवा, आडवे तोडू नका. टॉर्च समोरून न मारता बाजूने, अगदी तिरपा धरा, म्हणजे उठाव दिसतो. हाड असेल तर काळ्या शेलवर तपकिरी चकचकीत दिसतं. काही दिसलं की फोटोत शेजारी पट्टी ठेवा, खोली आणि बोअरचा क्रमांक लिहून ठेवा, आणि त्याला फेविकॉल वगैरे काही लावू नका. कागदात गुंडाळून जवळच्या विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागात दाखवा.

बाकीच्यांना विनंती, हे वाचून वरळीला हातोडी घेऊन जाऊ नका. उघडा थर आता बहुतेक इमारतींखाली गेलाय, आणि जो आहे तो कुणाच्या तरी संरक्षक भिंतीचा पाया आहे.

पायलिंगवाला | रविवार, सकाळी १०:०५

समजलं. मंगळवारी गोदामाकडे चक्कर आहे, तिथे जुने दोन-तीन बॉक्स असावेत. क्लायंटला सांगू का आधी?

जुनाट | रविवार, सकाळी १०:११

अजिबात नको. काम थांबेल या भीतीने तोच पहिला डंपर मागवेल.